अलेक्सीच्या पोटाची गोष्ट

ऐका रे पोरांनो. आजची गोष्ट तुमच्याच देशातल्या एका माणसाची आहे. त्याचं नाव अलेक्सी सेंट मार्टिन. क्युबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीच्या काठी बेर्तिए नावाचं गाव आहे, तिथला हा. त्या काळी कॅनडात रस्ते जवळजवळ नव्हतेच. होत्या त्या नद्या आणि तळी. बर्चच्या सालीची लांबलचक होडी करायची, तिच्यात बीव्हरची कातडी भरायची आणि शेकडो मैल वल्हवत न्यायची, असा मोठा धंदा चाले. ही होडी वल्हवणाऱ्यांना व्हॉयाजर म्हणत. अलेक्सी त्यांच्यातलाच. फ्रेंच बोलणारा, लिहिता-वाचता न येणारा, अंगापिंडाने दणकट गडी.

6 जून 1822 ची सकाळ. ह्युरॉन आणि मिशिगन ही दोन प्रचंड तळी जिथे एकमेकांना भेटतात तिथे मॅकिनॉ नावाचं बेट आहे. ते अमेरिकेच्या हद्दीत. बेटावर अमेरिकन फर कंपनीचं दुकान होतं, आणि दुकानात माणसांची गर्दी. अलेक्सी नाश्ता करून नुकताच तिथे आला होता. कुणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडाली. अंतर जेमतेम तीन फूट. छर्रे थेट डाव्या बरगड्यांखाली घुसले.

बेटावर लष्कराचा किल्ला होता आणि किल्ल्यात एकच डॉक्टर, विल्यम बोमाँट. तो धावत आला. पाहतो तर बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाचा तुकडा बाहेर आलेला, आणि त्याच्या खाली जठराला भोक. त्या भोकातून सकाळचा नाश्ता बाहेर येत होता. बोमाँटने जखम साफ केली, बांधली, आणि हा काही दीड दिवसाच्या पुढे जगत नाही असं मनाशी धरलं.

“मेला का मग, आबा?” धाकटीने लगेच विचारलं.

नाही. जगला. सतरा दिवस त्याने खाल्लेलं सगळं भोकातून बाहेर येई, म्हणून त्याला मागच्या वाटेने पोषक द्रव देऊन तगवलं. मग भोकावर घट्ट पट्ट्या बांधल्यावर अन्न पोटात राहू लागलं. ताप उतरला. हाडांचे तुकडे हळूहळू बाहेर पडले. वर्षभरात जखम भरत आली, पण एक विलक्षण गोष्ट झाली. जठराची कड बरगड्यांमधल्या स्नायूंना आणि कातडीला चिकटून तशीच भरून आली. म्हणजे डाव्या छातीखाली, तर्जनी सहज जाईल एवढं भोक कायमचं राहिलं. पुढे आतल्या अस्तराची एक घडी वाढली आणि तिने ते भोक आतून झाकलं. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हला झडप असते ना, तशी. आतून अन्नाचा दाब आला की झडप बंद. बाहेरून बोटाने ढकललं की उघडी. आता पट्टी नसली तरी जेवण बाहेर येत नसे, आणि झडप बाजूला केली की जिवंत माणसाचं जठर आतून दिसे.

त्याआधी बेटावरच्या अधिकाऱ्यांनी या जखमी, निराधार माणसाचा खर्च करायचं नाकारलं होतं. त्याला शेकडो मैल लांब कॅनडात परत पाठवून द्यावं असं त्यांचं म्हणणं. त्या अवस्थेत तो वाटेतच गेला असता. बोमाँटने त्याला स्वतःच्या घरी नेलं, खाऊपिऊ घातलं, रोज जखम धुतली. डॉक्टरचा हा चांगुलपणा खरा होता. आणि काही दिवसांनी त्याच डॉक्टरच्या मनात, या भोकातून जगाला कधी न दिसलेलं काही पाहता येईल, हा विचार आला, तोही खराच.

तेव्हा लोकांना पोटाबद्दल काय ठाऊक होतं ते सांगतो, म्हणजे गंमत कळेल. कोणी म्हणे, जठर जात्यासारखं अन्न दळतं. कोणी म्हणे, आतल्या उष्णतेने अन्न शिजतं. कोणी म्हणे, ते कुजतं. आपल्याकडेही पोटातल्या अग्नीची कल्पना पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1752 मध्ये एका घारीला धातूच्या छोट्या नळ्या गिळायला लावल्या होत्या. नळीत मांस, आणि दोन्ही टोकांना जाळी. घार न पचलेलं ओकून टाकते, तशी तिने नळ्या ओकल्या. आतलं मांस दळलं जाणं शक्यच नव्हतं, तरी ते विरघळलं होतं! इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या धर्मगुरू शास्त्रज्ञाने तर स्वतःच अन्न भरलेल्या कापडी पिशव्या गिळल्या. पोटात काहीतरी रस आहे, हे या दोघांना कळलं. पण तो रस कधी येतो, कुठून येतो, काय काय करतो, हे जिवंत माणसात बसून कोणी पाहिलं नव्हतं.

1 ऑगस्ट 1825, दुपारी बारा. बोमाँटने रेशमी दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर अन्नाचे छोटे तुकडे बांधले. मसालेदार शिजवलेलं गोमांस, कच्चं खारवलेलं डुकराचं मांस, कच्चं खारवलेलं गोमांस, उकडलेलं खारं गोमांस, शिळा पाव आणि कच्ची कोबी. दोरा भोकातून आत सोडला. अलेक्सी घरात नेहमीची कामं करत हिंडत राहिला. एक वाजता दोरा बाहेर काढला. कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. परत आत. दोन वाजता काढला तेव्हा कोबी, पाव, डुकराचं मांस आणि उकडलेलं गोमांस दोऱ्यावरून साफ नाहीसं झालेलं. बाकीचे दोन तुकडे जेमतेम मऊ पडलेले.

“त्याला दुखत नसेल?” थोरल्याने विचारलं.

दुखलं. पोटात कळा आल्या, डोकं दुखलं, अंग गळून गेलं. दुसऱ्या दिवशीही त्याला बरं नव्हतं. बोमाँटने भोकातून पाहिलं तर अस्तरावर पांढरे ठिपके दिसले. मग त्याने औषधाच्या गोळ्या तोंडाने न देता भोकातूनच जठरात टाकल्या! पोटाचा आजार डोळ्यांनी पाहून, त्याच जागी औषध ठेवायचं, हे तेव्हाच्या डॉक्टरांच्या स्वप्नातही नव्हतं.

काही दिवसांनी त्याने याहून मोठा प्रयोग केला. उपाशीपोटी अलेक्सीच्या जठरातून नळीने रस काढला आणि बाटलीत भरला. त्यात खारवलेल्या मांसाचा करंगळीएवढा तुकडा टाकला, बूच लावलं, आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली. पाणी किती कोमट? त्याने आधीच अलेक्सीच्या जठरात उष्णतामापक घालून पाहिलं होतं, 100 अंश फॅरनहाइट. तेवढंच. चाळीस मिनिटांत तुकड्याच्या पृष्ठभागावर पचन सुरू झालं. रात्री नऊपर्यंत तो पूर्ण विरघळला. पोटाबाहेर, बाटलीत, मांस पचलं! तसाच दुसरा तुकडा जठरात दोन तासांत नाहीसा झाला होता, कारण तिथे जठर सतत घुसळत असतं आणि ताजा रस येत असतो. रस गार ठेवला तर मात्र तो काहीच करत नसे. म्हणजे ऊब हवी हे म्हणणारेही अगदी चुकीचे नव्हते, पण उबेच्या जोडीला रस हवा.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही “शी!” म्हणाल. बोमाँटने तो रस चाखून पाहिला. किंचित खारट आणि चांगलाच आंबट. मग त्याने रिकाम्या जठराच्या अस्तराला जीभ लावून पाहिली. तिथे आंबट चव नव्हती! याचा अर्थ कळला का? आंबट रस पोटात नुसता साठलेला नसतो. अन्न आलं की अस्तराला स्पर्श होतो आणि बारीक बारीक थेंबांनी तो तिथे पाझरू लागतो. बोमाँटने हे पाझरणं डोळ्यांनी पाहिलं. रस पुढे रसायनशास्त्रज्ञांकडे पाठवला, त्यांनी त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं सांगितलं. आम्लाच्या बरोबरीने आणखी काहीतरी काम करतंय अशी शंका बोमाँटला होती. 1836 मध्ये जर्मनीत थिओडोर श्वानने ते शोधलं, त्याला पेप्सिन म्हणतात.

बोमाँटने कोणतं अन्न जठरातून किती वेळात पुढे जातं याचा तक्ताच केला. उकडलेला भात 1 तास. तापवलेलं दूध 2 तास, कच्चं दूध सव्वादोन. कडक उकडलेलं अंडं साडेतीन तास. भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. ताप आला की आजी तुम्हाला मऊ भात आणि वरून मेतकूट देते, त्यामागचं एक कारण या तक्त्यात आहे. भाताचं खरं पचन पुढे लहान आतड्यात होतं, पण जठर त्याला फार वेळ अडवून ठेवत नाही.

आणि राग! अलेक्सीला वारंवार राग येई. यायचाच. दिवसदिवस उपाशी राहा, कुशीवर पडून राहा, दोरा आत, दोरा बाहेर. तो चिडला की जठरात पित्त उतरलेलं दिसे आणि पचन बिघडे. मन आणि पोट यांचं नातं आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊकच होतं. ते उघड्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारा हा पहिला डॉक्टर.

पण मला विचाराल तर बोमाँटचं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण दुसरंच आहे. एकदा अलेक्सी आठ-दहा दिवस भरपूर दारू प्यायला. बोमाँटने झडप बाजूला करून पाहिलं तर निरोगी असताना फिकट गुलाबी, मखमली दिसणारं अस्तर लालभडक, जागोजागी सुजलेलं आणि चट्टे पडलेलं. आणि अलेक्सीला? काहीही दुखत नव्हतं. जेवण पचत नाही अशीही तक्रार नव्हती. पोटात आजार असू शकतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो, हे तेव्हा पहिल्यांदा पुराव्यानिशी दिसलं. पोटाच्या आणि यकृताच्या डॉक्टरांची आजची निम्मी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

1825 मध्येच अलेक्सी न सांगता कॅनडाला निघून गेला. तिथे त्याने मारी जोलीशी लग्न केलं, मुलं झाली, होड्या वल्हवल्या. बोमाँटने त्याचा शोध घेतला आणि 1829 मध्ये अलेक्सी बायकामुलांसह मिसिसिपीच्या काठच्या प्रेरी-दु-शीनला त्याच्याकडे आला. तिथे दोन वर्षं प्रयोग झाले, शिवाय घरचं लाकूड तोडणं, ओझी वाहणं हेही त्याच्याकडेच. परत जाताना तो कुटुंबाला उघड्या होडीत घालून मिसिसिपी उतरला, ओहायो नदी चढला, मग ईरी आणि ऑन्टॅरिओ तळ्यांतून माँट्रियलला पोचला. जठराला भोक असलेला माणूस! 1832 मध्ये रीतसर करार झाला. वर्षाला 150 डॉलर, वर जेवणखाण आणि कपडे, आणि डॉक्टर सांगेल ते प्रयोग. अलेक्सीने सहीच्या जागी फुली मारली.

1833 मध्ये बोमाँटचं पुस्तक निघालं. त्यात अडीचशेच्या आसपास प्रयोग आहेत. हा डॉक्टर कुठल्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता, दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली राहून शिकला होता. पण त्याचं पुस्तक युरोपातल्या प्रयोगशाळांत वाचलं गेलं. अलेक्सी पुढच्या वर्षी क्युबेकला गेला तो पुन्हा कधी बोमाँटकडे आला नाही. पत्रं आली, पैशांची बोलणी झाली, तो आला नाही. बोमाँट 1853 मध्ये बर्फावरून पाय घसरून पडला आणि त्यातच गेला. अलेक्सी त्याच्यानंतर सत्तावीस वर्षं जगला.

24 जून 1880 ला जोलिएतजवळच्या सेंट थॉमस गावी अलेक्सी वारला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तेव्हा विल्यम ऑस्लर नावाचे प्राध्यापक होते, पुढे जगभर नाव झालेले. ते जठर जपून ठेवावं, संग्रहालयात पाठवावं असं त्यांना वाटत होतं. घरच्यांनी साफ नकार दिला. नुसता नकार देऊन ते थांबले नाहीत. उन्हाळ्याचे दिवस होते, त्यांनी देह मुद्दाम घरातच जास्त दिवस ठेवला. इतका खराब होऊ दिला की प्रार्थनेच्या वेळी शवपेटी चर्चबाहेर ठेवावी लागली. मग आठ फूट खोल खड्डा खणून पुरला. कोणी उकरून नेऊ नये म्हणून.

“असं का केलं त्यांनी?” धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

कारण त्या माणसाकडे आयुष्यभर लोकांनी जठर म्हणून पाहिलं. मारी आणि तिच्या मुलांना तो घरचा माणूस म्हणून हवा होता. त्यांचं बरोबर होतं असं मला वाटतं. ऑस्लरांची जिज्ञासा समजते, पण त्या जठरावर हक्क त्यांचा नव्हता. 1962 मध्ये कॅनडाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्या गावच्या चर्चच्या भिंतीवर अलेक्सीच्या नावाची पाटी लावली. त्याच्या दुखण्याचा सगळ्या मानवजातीला उपयोग झाला असं तिच्यावर कोरलं आहे. दफनानंतर ब्याऐंशी वर्षांनी का होईना, त्याचं नाव लागलं.

आता आजच्या काळात या. आता पोटात डोकवायला भोक लागत नाही. 1954 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी केसाहून बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकड्या वाटेने नेऊन दाखवलं. ते वाचून अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण बनवली आणि 1957 मध्ये आधी स्वतः गिळली. आपण ज्याला “दुर्बीण घालून पाहिलं” म्हणतो ती हीच. आता तिच्या टोकाला कॅमेरा असतो. चिमटा आत घालून तुकडा काढता येतो, रक्त वाहणारी जागा बंद करता येते, मोठ्या आतड्यातला मोडासारखा वाढलेला गोळा कॅन्सर होण्याआधीच कापून काढता येतो. मोठ्या गोळीएवढा कॅमेराही असतो, तो गिळायचा आणि तो आतून जाता जाता फोटो काढत राहतो.

पण मला तुम्हाला अॅक्लाव्हिकची गोष्ट सांगायची आहे. नकाशा काढा. वर, अजून वर, मॅकेंझी नदी जिथे उत्तर ध्रुव महासागराला मिळते तिथे. सहाशेच्या आसपास वस्ती, इनुव्हियालुइट आणि ग्विचिन लोकांची. नदीचा पूर येतो, जमीन खचते, म्हणून 1950 च्या दशकात सरकारने जवळच इनुव्हिक नावाचं नवं गाव वसवलं आणि सगळ्यांनी तिकडे जावं असं ठरवलं. अॅक्लाव्हिकच्या बऱ्याच जणांनी गाव सोडलं नाही. असे हे लोक. त्यांच्यात जठराच्या कॅन्सरची भीती बसली होती, कारण घराघरात तो दिसत होता. त्यांनी ऐकलं होतं की एक जिवाणू जठरात राहतो आणि व्रण, कधी कधी कॅन्सरही, त्याच्यामुळे होतो.

तो जिवाणू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. इतक्या आम्लात कुठला जीव जगणार, असं डॉक्टर शंभर वर्षं म्हणत आले होते. अल्सर म्हणजे काळजीचा आणि तिखटाचा आजार, असंच मानत. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरच्या रोग्यांच्या जठरात हा जिवाणू सापडत होता आणि कोणी विश्वास ठेवेना. 1984 मध्ये मार्शलनी जिवाणूंचं पेलाभर पाणी स्वतःच पिऊन टाकलं. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीने पाहिलं तर जठर सुजलेलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू आम्लात जगतो कसा? तो युरियाचे तुकडे करून स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि आम्ल मारतो.

या युक्तीनेच तो पकडलाही जातो. रोग्याला किंचित जड कार्बन घातलेला युरिया प्यायला द्यायचा. जठरात जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो. तो जड कार्बन कार्बन डायऑक्साइड बनून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून श्वासात. थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायची. पोटात कोण राहतंय ते फुंकर सांगते! ना सुई, ना दुर्बीण.

अॅक्लाव्हिकच्या लोकांनी आपली काळजी एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठापर्यंत पोचवली. तिथल्या साथरोगतज्ज्ञ कॅरेन गुडमन आणि त्यांचे सहकारी आले, गावकऱ्यांची समिती बसली, काय शोधायचं ते तिने ठरवलं. श्वासाच्या तपासणीत निम्म्याहून जास्त माणसांत जिवाणू निघाला. मग फेब्रुवारी 2008 मध्ये, तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात, दुर्बिणी आणि डॉक्टर त्या छोट्या गावातच नेले. जवळजवळ दोनशे माणसांनी आपणहून दुर्बीण घालून घेतली. गावातला तिसरा हिस्सा! कोणाचं काय निघालं ते त्यांना सांगितलं, औषधं दिली, कुठली औषधं तिथे चालत नाहीत हेही शोधलं. अलेक्सीच्या वेळी प्रश्न डॉक्टरचा होता आणि पोट अलेक्सीचं. अॅक्लाव्हिकमध्ये प्रश्नही ज्यांचं पोट त्यांचाच होता. पावणेदोनशे वर्षांत वैद्यक कुठून कुठे आलं ते मला विचाराल तर मी यंत्रांच्या आधी हे सांगेन.

आता थोडं यकृताचं. उजव्या बरगड्यांखाली दीड किलोचं, तपकिरी-लाल. पित्त बनवतं, साखर साठवतं, रक्त गोठवणारी द्रव्यं तयार करतं, विष निकामी करतं. आणि कापलं तर परत वाढतं. शरीरातला दुसरा कुठलाही मोठा अवयव असं करत नाही. टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये 2000 सालापासून धडधाकट माणसाच्या यकृताचा मोठा भाग काढून आजारी मोठ्या माणसाला बसवतात. दोन-तीन महिन्यांत दात्याचं यकृत जवळपास पहिल्याएवढं होतं, आणि घेणाऱ्याचंही वाढतं. ज्याचं नावही ठाऊक नाही अशा माणसाला यकृत देणारे दाते तिथे आहेत.

पण यकृत मुकाट आहे. अलेक्सीच्या जठरासारखंच, आत बिघडलं तरी वीस-वीस वर्षं काही सांगत नाही. रक्त घेतलेल्या माणसांना कावीळ होत होती, आणि ती हिपॅटायटिस-ए किंवा बी विषाणूची नव्हती, हे अमेरिकेत हार्वी ऑल्टर यांनी 1970 च्या दशकात दाखवलं. विषाणू काही सापडेना. कॅलिफोर्नियात मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो यांनी कित्येक वर्षं घालवून लाखो तुकड्यांतून त्याच्या जनुकाचा एक तुकडा वेचला. 1989 मध्ये त्यांनी तो जाहीर केला, नाव दिलं हिपॅटायटिस-सी. पाठोपाठ रक्तपेढ्यांत तपासणी आली. कॅनडात तोवर हजारो लोकांना दूषित रक्तातून हा आजार झाला होता. न्यायमूर्ती होरेस क्रेव्हर यांनी चौकशी करून 1997 मध्ये अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी देशाची रक्तव्यवस्था नव्याने उभी राहिली.

हॉटन 2010 मध्ये अल्बर्टा विद्यापीठात आले. 2013 मध्ये त्यांना कॅनडाचा मानाचा गेर्डनर पुरस्कार जाहीर झाला, एक लाख डॉलरचा. त्यांनी तो घेतला नाही. चू आणि क्वो यांना वगळून मी एकटा कसा घेऊ, म्हणाले. 2020 मध्ये ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं, ते त्यांनी स्वीकारलं, पण चू आणि क्वो यांची नावं घेणं कधी सोडलं नाही. आणि आज हिपॅटायटिस-सी आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त रोग्यांत पूर्ण बरा होतो. मी तरुण असताना त्याला नावसुद्धा नव्हतं.

आतडंच नसेल तर? टोरोंटोत 1970 मध्ये एका आईचं लहान आतडं रक्त न पोचल्याने मेलं आणि काढून टाकावं लागलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. खुर्शीद जीजीभॉय तिथे होते. त्यांनी सगळं अन्न थेट रक्तवाहिनीतून द्यायला सुरुवात केली आणि ते स्वतः, घरी, रात्री घ्यायला तिला शिकवलं. ती वीस वर्षं जगली आणि तिने मुलं वाढवली.

आता पोरं झोपायला जातील. पुढचं तुम्हा आईबापांसाठी. आतड्याला दीर्घकाळ सूज येणारे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आजार कॅनडात जगातल्या जवळजवळ सर्वाधिक प्रमाणात आढळतात. ऑन्टॅरिओतल्या संशोधकांनी दाखवलं आहे की दक्षिण आशियातून आलेल्या मोठ्या माणसांना धोका कमी असला तरी त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना तो इथल्या इतर मुलांएवढाच असतो. “आमच्या घराण्यात असलं काही नाही” हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. मुलाला आठवडेच्या आठवडे जुलाब होत असतील, शौचात रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल किंवा उंची थांबली असेल, तर घरगुती उपायांत महिने घालवू नका. आणि मुलांना पोटाबद्दल, शौचाबद्दल लाज न वाटता बोलायला शिकवा, म्हणजे डॉक्टरपुढे ती स्वतः बोलतील.

पन्नाशी ओलांडली असेल तर शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी करा. ऑन्टॅरिओत तिचा संच टपालाने घरी येतो. आणि आमच्या पिढीसाठी कॅनडाच्या यकृततज्ज्ञांनी स्पष्ट सांगून ठेवलं आहे की 1945 ते 1975 या काळात जन्मलेल्या प्रत्येकाने, काही त्रास नसला तरी, एकदा हिपॅटायटिस-सीची रक्ततपासणी करून घ्यावी. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा स्वतःहून मागा.